मोटारीचे अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीच्या पहाटे चांगले कढत पाणी अंगावर घेतल्याशिवाय माणसाची दिवाळी सुरू होत नाही, हे आपण लहानपणापासून जाणतो. परंतु यंत्रालाही असे स्नान लागते, आणि तेही वर्षातून एकदा नव्हे तर हिवाळाभर रोज पहाटे लागते, ही गोष्ट आपल्या पुण्या-मुंबईच्या हवेत कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. मराठीच्या प्राध्यापकाला इंजिनातले काय कळते, असे वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. 'यंत्रयुग : शाप की वरदान' या विषयावरचे निबंध तपासणे एवढाच यंत्रांशी माझा आजवरचा ऋणानुबंध. पण गेल्या हिवाळ्यात कॅनडातील विनिपेग शहरी थोरल्या बहिणीकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला, आणि एका जुन्या डिझेल मोटारीच्या पोटाखाली बॅटरी धरून बसण्याचे काम माझ्याकडे आले. तेथे जे पाहिले ते येथे सांगतो. ज्यांची मुले, सुना, भाऊ-बहिणी थंड मुलखात आहेत, आणि आज अशी घरे गल्लीगल्लीत आहेत, त्यांना त्याचा उपयोग होईल.

शेपटीच्या मोटारी

विनिपेग हे रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांच्या संगमावरचे शहर. संगम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घाट आणि नावा येतात. येथे हिवाळ्यात नद्या गोठतात आणि त्यांवर माणसे घसरगाडीचे बूट घालून फिरतात. जानेवारीत दिवस-रात्र मिळून सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असते. १८७९ च्या डिसेंबरात पारा उणे ४७.८ पर्यंत उतरल्याची नोंद आहे. गावकऱ्यांनी आपल्या शहराचे नाव थट्टेने 'विंटरपेग' ठेवले आहे, ते उगीच नव्हे.

पहिल्याच दिवशी एक चमत्कार दिसला. जिकडेतिकडे मोटारींच्या तोंडातून विजेची वायर लोंबकळत होती, आणि वायरीच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. दुकानांपुढे, कचेऱ्यांपुढे, इमारतींच्या अंगणात जेथे जेथे मोटारी उभ्या, तेथे तेथे खांबांवर विजेची खोकी. मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, "काय प्रगती आहे! सगळ्या गाड्या विजेवर चालतात!"

माझी सोळा वर्षांची भाची खो खो हसली. "मामा, गाड्या पेट्रोलच्याच आहेत. त्यांना रात्रभर शेकावं लागतं."

ताईची सहा वाजताची गाडी

ताई तेथे एका वृद्धाश्रमात रुग्णसेविका आहे. सकाळी साडेसहाला तिची ड्यूटी सुरू होते. ती पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या बाईला घरी जाता येत नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे सकाळचे औषधपाणी थांबते. भाऊजींची कारखान्यातील नोकरी त्या उन्हाळ्यात गेली होती. स्वतःचे घर विकून मंडळी भाड्याच्या लहान घरात आली होती. आधीच्या घराला उबदार गॅरेज होते. या घराला उघडे अंगण. दोन गाड्यांपैकी एक विकलेली आणि उरलेली २००३ सालची एक जर्मन डिझेल गाडी, व्हँकूवरहून जुनी म्हणून घेतलेली. व्हँकूवर समुद्रकाठचे, तेथील हिवाळा सौम्य, त्यामुळे तिला ती वायरीची शेपटी नव्हतीच.

नोव्हेंबरच्या अखेरीस पारा उणे २२ ला आला आणि गाडीने अंग टाकले. किल्ली फिरवली की म्हातारा खोकावा तसा दोन-तीनदा आवाज आणि मग शांतता. ताई टॅक्सीने गेली. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्या दिवशी टॅक्सीही वेळेवर मिळाली नाही आणि ताईला पाऊण तास उशीर झाला. संध्याकाळी घरी आल्यावर ती बूट न काढताच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तिसऱ्यांदा असं झालं तर लेखी समज देणार आहेत." घरात त्या वेळी तो एकच पगार येत होता. भाऊजी काही बोलले नाहीत. भाचीने आईच्या बुटांचे बंद सोडले.

नवी गाडी घेण्याचा प्रश्न नव्हता. एका गॅरेजवाल्याने हीटर बसवण्याच्या मजुरीचा आकडा सांगितला. तो ऐकून भाऊजींनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "प्रोफेसर, शनिवारी मोकळे आहात ना? आपणच बसवू."

डिझेलला थंडी का वाजते

सायकलला हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने याच साध्या गोष्टीवर आपले इंजिन उभारले. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे ते समाधानकारकपणे चालले. पुढे १९१३ मध्ये अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून हा माणूस रात्रीत नाहीसा झाला, पण त्याचे नाव मात्र पेट्रोल पंपावर कायमचे राहिले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा अठरा-वीस पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या धगीत डिझेलचा फवारा सोडायचा की तो आपोआप पेटतो.

आता लोखंडाचा गोळा रात्रभर उणे ३० अंशांत उभा आहे अशी कल्पना करा. दाबलेल्या हवेची ऊब भोवतीच्या थंडगार भिंती पिऊन टाकतात. ऑइल मधासारखे घट्ट झालेले, त्यामुळे इंजिन फिरते संथ. आणि संथ फिरले की दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने निसटायला वेळ मिळतो. त्यात बॅटरीचे बळ अशा थंडीत निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे काम दुप्पट अवघड आणि अंगात जोर अर्धा. इंजिनात हवा तापवण्यासाठी विजेच्या लहान कांड्या असतात, त्यांना ग्लो प्लग म्हणतात. पण अंगात कापरे भरलेल्या माणसाला नुसते चमचाभर गरम पाणी पाजून काय होणार? त्याला सर्वांगाने ऊब द्यावी लागते.

ती ऊब द्यायची सोय इंजिनात आधीपासूनच असते. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्या भोवती पाण्यासारखा द्रव खेळवलेला असतो. त्याला कूलंट म्हणतात, म्हणजे शीतक. तेच शीतक पहाटे तापवायचे! अलंकारशास्त्रातील विरोधाभासाचे इतके चांगले उदाहरण मी वर्गात कधी दिलेले नाही.

ही युक्ती रुजवणाऱ्यांपैकी एक विनिपेगच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीत, ग्रँड फोर्क्स गावी राहत होता. अँड्र्यू फ्रीमन हे त्याचे नाव. तो ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा व्यवस्थापक. सहकाराची महती आपल्या साखरपट्ट्यातील वाचकांना वेगळी सांगायला नको. इंजिनाचे डोके आवळणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्या जागी विजेने तापणारा बोल्ट बसवायचा, अशी त्याची कल्पना. १९४९ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. त्याआधीचे लोक काय करीत, ते शेजारच्या आजोबांनी सांगितले. हे आजोबा युक्रेनियन वंशाचे, जन्मभर शेती केलेले. त्यांच्या लहानपणी रात्री ट्रॅक्टरमधले पाणी सोडून देत, ऑइल काढून चुलीपाशी ठेवीत, आणि सकाळी गरम पाणी नि गरम ऑइल ओतून मग हँडल मारीत. आजोबांनी आम्हाला आपले गॅरेज दिले, आणि त्यासोबत आपली देखरेखही.

शनिवारचा उद्योग

हीटर अनेक जातींचे असतात. इंजिनाच्या अंगाला काही गोल भोके असतात, ती पत्र्याच्या टोपणांनी बुजवलेली असतात. ओतकामाच्या वेळची वाळू काढण्यासाठी ती ठेवावी लागतात. त्यांतले एक टोपण काढून तेथे तापणारी कांडी बसवणे ही सर्वांत रूढ पद्धत. ऑइलच्या तळाला चिकटवायची तापती गादी असते. आणि तिसरा प्रकार म्हणजे कूलंटच्या रबरी नळीत मध्येच बसवायचा लहान डबा. आमच्या गाडीत ती टोपणे अशा अडचणीत होती की तेथे पोचायला अर्धे इंजिन सोडावे लागले असते. म्हणून हजार वॅटचा डबा आणला.

हा डबा हातात घेतला तेव्हा मला एकदम ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. हा तर आपला बंब! तांब्याच्या बंबात नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाते आणि वरचे कढत पाणी तोटीतून बाहेर पडते. येथेही तेच. खालच्या तोंडातून थंड कूलंट आत येते, तापून हलके होते, वरच्या तोंडातून इंजिनात चढते, आणि त्याची जागा घ्यायला थंड कूलंट पुन्हा खाली येते. पंप नाही, मोटर नाही. गरम वर जाते आणि गार खाली बसते, एवढ्याच निसर्गनियमावर चक्र चालू राहते. मात्र त्यामुळेच डबा उभा हवा, बाहेर पडायचे तोंड वर हवे, आणि तो इंजिनाच्या मानाने खालच्या अंगाला हवा. आडवा बसवला तर आत हवा कोंडते.

काम सुरू करण्याआधी भाऊजींनी इंजिन पूर्ण गार असल्याची खात्री केली. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे वाफेने तोंड भाजून घेणे. मग खाली स्वच्छ परात ठेवून कूलंट सोडले. आजोबांनी पहिला हुकूम दिला तो परातीवर झाकण ठेवण्याचा. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि जहरी असते. कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात. घरात लहान मूल असेल तर अधिकच जपावे.

भाचीची बोटे बारीक, म्हणून नळ्यांची कामे तिच्याकडे आली. भाऊजी माप घेऊन खूण करायचे, ती नळी कापायची, त्यात तीन तोंडांचा सांधा घालून पट्टी आवळायची. "बाबा, ही पट्टी पुन्हा बघा," असे ती दर वेळी म्हणायची आणि भाऊजी दर वेळी पुन्हा बघायचे. नळी कोठे दुमडत नाही ना, सायलेन्सरच्या तापत्या पाइपाला, पंख्याला किंवा फिरत्या पट्ट्याला टेकत नाही ना, हे आजोबा स्वतः वाकून पाहत. डबा नळ्यांच्या आधारावर लोंबकळत ठेवायचा नसतो. त्याला लोखंडी पट्टीने पक्के अंग टेकवावे लागते, नाही तर रस्त्याच्या धक्क्यांनी सांधे सैल होतात.

नंतर नवे कूलंट भरले, निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी. गंमत अशी की नुसते ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठते. पण निम्मे पाणी घातले की ते मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकते. जास्त औषध म्हणजे जास्त गुण असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कूलंट भरले की लगेच प्लग लावायचा नाही. बंबात पाणी नसताना जाळ घातला तर डाखलेले सांधे सुटतात, हे जुन्या घरांतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हीटरचेही तसेच. आत हवेचा बुडबुडा राहिला तर कांडी कोरडी तापते आणि जळते. म्हणून गॅरेजचे दार सताड उघडे ठेवून इंजिन चालू केले, गाडीतील गरम हवेची कळ पूर्ण फिरवली, आणि इंजिन नीट तापून कूलंट सगळीकडे खेळेपर्यंत चालू ठेवले. बुडबुडे निघून पातळी खाली जाई, तसे भाऊजी वरून थोडे थोडे घालीत. सर्व सांधे कागदी रुमालाने पुसून पाहिले. एका पट्टीखाली ओल दिसली, ती आवळली. मग इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ दिले, पातळी पुन्हा पाहिली, आणि संध्याकाळी प्रथमच प्लग लावला. दहा मिनिटांनी वरची नळी हाताला कढत लागू लागली आणि खालची गारच होती. आजोबा मान डोलवून म्हणाले, "चक्र चालू झालं." आतून खदखद ऐकू आली असती तर हवा राहिली असे समजून प्लग ताबडतोब काढावा लागला असता.

वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढून जागोजाग बांधली. तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, मोडून दोन पिनांवर काम भागवण्याचा मोह येथे अजिबात नको. बर्फाचे पाणी आणि वीज यांची गाठ आहे. अंगणातील सॉकेटपासून गाडीपर्यंतची वायरही जाड आणि बाहेर वापरायची हवी. घरातील दिव्याची बारीक वायर आठ अँपिअरचा भार तासन् तास सोसत नाही. ती तापते आणि आगीचे निमित्त होते.

उणे २९

रात्रभर हीटर चालू ठेवणे म्हणजे पैसे जाळणे. तीन तास पुरतात. हजार वॅटचे तीन तास म्हणजे विजेचे तीन युनिट. म्हणून घड्याळाचा स्विच लावून तो पावणेतीनला सुरू होईल असा ठेवला.

सोमवारी पहाटे उणे २९ होते. साडेपाचला घरातील सगळेच जागे होते, पण कोणी तसे कबूल करीत नव्हते. ताईने चहा घेतला, डबा घेतला, कोट चढवला. भाऊजी खिडकीशी उभे. ताई गाडीत बसली, ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झाले. काचेवरचा बर्फ पाच मिनिटांत सुटू लागला, कारण तापलेल्या कूलंटमुळे आतली हवाही लगेच ऊबदार येते. ताईने प्लग काढला, वायर गुंडाळली आणि ती गेली. भाऊजी खुर्चीवर बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी वर्तमानपत्र उघडले. सव्वासहाला ताईचा फोनवर एका ओळीचा निरोप आला, "पोचले. रात्रीची बाई घरी गेली."

मी तेथे असेपर्यंत गाडीने पुन्हा कधी दगा दिला नाही.

हीटरच्या पलीकडे

मात्र हीटर म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा नव्हे. तो टाकीतील डिझेल तापवीत नाही. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. फार थंडीत तो थिजतो आणि फिल्टर बंद करतो. त्यासाठी कॅनडातील पंपांवर हिवाळ्यात वेगळे डिझेल मिळते. उन्हाळ्यात भरलेली टाकी घेऊन कोणी थंडीत निघू नये. बॅटरी जुनी असेल तर हीटर तिला तरुण करीत नाही. आणि एक इशारा जिवाचा. गाडी गरम करण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच नेतो.

हा प्रश्न आपल्या देशात नाही असे मात्र समजू नका. लडाखमध्ये हिवाळ्यात ट्रकवाले पहाटे इंजिनाखाली आणि टाकीखाली शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून गाडी जागी करतात. उघड्या जाळाने डिझेलची टाकी शेकणे किती जोखमीचे, हे सांगायला नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसारख्या भागांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल बाजारात आणले. आपल्यापर्यंत सीमेवरच्या बातम्या येतात. त्या सीमेपर्यंत पीठ, भाजी आणि औषधे पोचवणाऱ्या गाडीच्या पहाटेची बातमी मात्र क्वचितच येते.

परदेशातील लेकरांना आपण दर रविवारी फोन करतो. जेवलास का, वजन का उतरले, फराळाचे खोके पोचले का, हे सगळे विचारतो. ते विचारावेच. पण मुलगा किंवा मुलगी अशा थंड मुलखात असेल, तर आणखी चार प्रश्न जोडावेत. गाडीला हीटर आहे का? त्याची वायर चिरलेली नाही ना? कूलंट गेल्या दोन-तीन वर्षांत तपासले का? आणि गाडीत एक जाड घोंगडी, बॅटरी आणि थोडे खाणे ठेवले आहे का? बर्फाच्या सडकेवर बंद पडलेल्या गाडीत माणसाला मदत येईपर्यंत तग धरायचा असतो, आणि तेथे शेवटी घोंगडीच कामी येते. मुले हसतील, "आई, तुला हे कोणी शिकवलं?" म्हणतील. हसू द्यावे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे.